शालिनी, यादी तुझ्या हातात होती

शालिनी,

काल तुझं तेरावं झालं. मांडव सोडून नेला, खुर्च्या परत गेल्या, आणि पोलादपूरचं आपलं घर एकदम मोठं झालं. वर्तमानपत्रांची कात्रणं कोणीतरी टेबलावर नीट रचून ठेवली आहेत. एकात तुझ्या नेमणुकांचा क्रम चुकलाय, दुसऱ्यात तुझं माहेर महाडऐवजी माणगाव छापलंय. तू असतीस तर पेन घेऊन बसली असतीस. मी तसंच राहू दिलं. कुठल्या देशात कधी होतीस, कुठल्या करारावर कोणाबरोबर सही केलीस, हे सगळं त्यांनी लिहिलंय. मला ते लिहायचं नाही. आपलं जे बोलणं अर्धवट राहिलं, ते मला पुरं करायचं आहे, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

लोकांना वाटायचं, राजदूताचा नवरा म्हणजे काय मजा! मी होतो गुरांचा डॉक्टर, नोकरी पोलादपूर तालुक्यात. वर्षातून एकदा रजा टाकून तू असशील त्या देशात यायचो, महिनाभर राहायचो आणि परत येऊन म्हशींच्या पाठीमागे लागायचो. तुझ्या एका मेजवानीत शेजारच्या बाईंनी मला विचारलं होतं, आपण काय करता? मी म्हणालो, बाळंतपणं. त्या खूश झाल्या, स्वतःच्या सुनेबद्दल विचारायला लागल्या. तू समोरून डोळे वटारलेस, आणि मग मला सांगावं लागलं की माझ्या बाळंतिणींना चार पाय असतात. घरी येताना गाडीत तू एवढी हसलीस की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

तू नेमकं काय करतेस हे मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. कळलं ते तुडीलला. महाड तालुक्यातल्या लसीकरणाला मदतीसाठी गेलो होतो. एका घरी दोन बैल होते आणि घरात बाई एकटीच. नवरा तू तेव्हा होतीस त्याच देशात कंपनीत कामाला होता, तिथेच वारला, हे मला गावातल्यांनी सांगितलं. बैलाला सुई टोचून होईपर्यंत बाई दोरी धरून उभी होती. मग म्हणाली, "डॉक्टर, तितनं फोन आला ना, तवा येक बाई बोलली. मराठीत. आदी म्हनली, घरात कोन हाय का जवल? मी म्हनलं, सासू हाय. मंग म्हनली, तुमी दोगी आदी बसा. बसलात का? आनि मी बसल्यावरच सांगितलंन. नायतर मी पडलेली असते बगा." तिला माहीत नव्हतं ती बाई कोण. मीही सांगितलं नाही. तुला मात्र त्या आठवड्याच्या पत्रात विचारलं. तू उलट टपाली लिहिलंस की शवपेटी विमानात चढवायला एकोणीस कागद लागले, आणि शेवटी दोन शब्द, 'बैल बरे?'

झेंड्याची गाडी सगळ्यांनी पाहिली. ही बाजू फार थोड्यांनी पाहिली.

आता महेशबद्दल.

माझा दादा लवकर गेला. मागे वहिनी आणि धाकटा महेश. थोरली मुलगी लग्न होऊन गेलेली. कुडपणच्या पठारावर नाचणी, वरी आणि थोडं भात, एवढ्यावर वहिनीनं पोरं वाढवली. महेश मुंबईत वेल्डिंग शिकला आणि तिथून एका कंपनीतर्फे परदेशी गेला. योगायोग असा की तो गेला त्याच देशात दुसऱ्या वर्षी तू राजदूत म्हणून पोचलीस. वहिनीला किती आनंद! "आता कसली काळजी? काकू हाय तितं."

आणि मग तिथे लढाई पेटली. विमानतळ बंद झाला. आपली माणसं बंदराच्या शहरात एका शाळेत गोळा केली होतीस, आणि त्यांना न्यायला बोट येणार होती. बोट एकच, जागा थोड्या. दुसरी कधी येईल याचा भरवसा नव्हता.

वहिनी त्या दिवशी कुडपणहून खाली दवाखान्यात आली. वर तेव्हा फोनला रेंज नव्हती. औषधांच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसली. खुर्ची दिली तरी बसेना. "भावजी, येक फोन करा. लई कायी नगं. शालूला सांगा, पोराला पयल्या बोटीत बसव."

मी केला. चौथ्या खेपेला लागला. तुझ्या मागे मोठा गलका होता. मी सांगितलं. तू म्हणालीस, "डॉक्टर, आधी गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी. मग त्यांच्या घरचे. महेश तरुण आहे, एकटा आहे, धडधाकट आहे. त्याचा नंबर दुसऱ्या बोटीला."

"आणि दुसरी आलीच नाही तर?"

"आणायचा प्रयत्न चालू आहे."

"शालिनी, वहिनी इथे समोर बसली आहे."

 "तिला फोन द्या," म्हणालीस. मी दिला. तू काय बोललीस मला ऐकू आलं नाही. वहिनीनं नुसतं "बरं" म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि पदर खोचून उठली.

पहिली बोट महेशला न घेता निघाली. दुसरी यायला बारा दिवस लागले. आठव्या दिवशी त्या शाळेच्या मागच्या बाजूला काहीतरी येऊन फुटलं आणि भिंत पडली. चार जण जखमी झाले, त्यात महेश. जीव वाचला. उजव्या कानाचा पडदा गेला तो कायमचा. दुसऱ्या बोटीतून तो आला. तू त्यातही नव्हतीस. शाळेतला शेवटचा माणूस निघेपर्यंत तू तिथेच होतीस. पण वहिनीच्या लेखी ती गोष्ट नव्हतीच. तिच्या लेखी एकच होतं. काकूच्या हातात यादी होती आणि पोराचा कान गेला.

तू रजेवर आलीस ती मार्गशीर्षात. आल्या आल्या म्हणालीस, आपण कुडपणला जाऊ. जीप अर्ध्या वाटेवर सोडून आपण वर चढलो, तू साडीवर ते पांढरे बूट घालून. वहिनी ओटीवर सुपात नाचणी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"वहिनी, मी आले."

"दिसतंय."

पाणीही विचारलं नाही. मी आत जाऊन हंड्यातून आपल्या दोघांसाठी तांब्या भरून आणला. तू तो बाजूला ठेवलास. बराच वेळ नुसतं सूप हलत होतं.

मग वहिनी म्हणाली, "मी येकच इचारते. लई बोलू नको गो. तुमी शिकलेली मानसं लई बोलता. ती यादी कुनी केलेली?"

"मी."

"म्हंजे माज्या पोराचं नाव पयल्या बोटीत घालनं तुज्या हातात हुतं का नवतं?"

"होतं," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडे पाहतच राहिलो. आयुष्यभर तू शब्द तोलून वापरलेस. एखाद्या देशाला 'नाही' म्हणायचं तर त्यासाठी तुझ्याकडे पन्नास तऱ्हा होत्या, आणि ऐकणारा तरी खूश होऊनच उठायचा. त्यातली एकही तू तिथे काढली नाहीस. वहिनीनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दार लावलं नाही, नुसती आत गेली. आपण अर्धा तास ओटीवर बसलो आणि उठलो.

उतरताना मी तुझ्यावर चिडलो होतो. "दिल्लीहून तसा हुकूम होता, एवढं म्हणायचं होतंस."

"नव्हता ना पण हुकूम."

"वहिनीला कुठे कळणार होतं?"

"तिला कळणार नव्हतं म्हणूनच, डॉक्टर."

यावर आपण किती वर्षं भांडलो, शालिनी? अकरा वर्षं. तू निवृत्त होऊन पोलादपुरात आलीस तरी ते संपलं नाही. दिल्लीतलं घर विकून इथे यायचं तू ठरवलंस तेव्हा तुझ्या मैत्रिणींना वेड लागायची पाळी आली होती. पण तुला इथे मजा यायची. बाजारातली भाजीवाली तुला 'डॉक्टरीणबाय' म्हणायची. ती गुरांच्या डॉक्टरची बायको एवढीच तुला ओळखायची, आणि तू एकदाही तिला दुरुस्त केलं नाहीस. हिवाळ्यात आपण महाडजवळच्या गरम झऱ्यांवर, सवला जायचो. तू कुंडाच्या काठावर बसून गुडघ्यापर्यंत पाय गरम पाण्यात सोडायचीस, आणि पाय शेकले की हमखास विषय काढायचीस. माझं म्हणणं होतं, खोट्यानं एका माणसाचं दुःख हलकं होत असेल आणि कोणाचं नुकसान होत नसेल, तर खोटं बोलावं. मी शेतकऱ्यांशी बोलतो की तसं. गाय वाचणार नाही हे दिसत असतं, तरी म्हणतो, बघू, औषध देऊ. तू म्हणायचीस, "गाय तुम्ही मारलेली नसते."

एवढ्यावर मी तुला पाय पुसायला टॉवेल द्यायचो. पण पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो.

महेशला मात्र तुझ्याबद्दल राग कधीच नव्हता. पोलादपुरात त्यानं दुकान टाकलं, गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड. तो आपल्याकडे यायचा तेव्हा डावा कान पुढे करून बसायचा आणि तू आपसूक त्याच्या डावीकडची खुर्ची घ्यायचीस. तुझ्या मागे एकदा मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं रे? तो म्हणाला, "काका, त्या शालेत सगल्यांना ठावं हुतं, मी मॅडमचा पुतन्या. यूपीवाले, केरलावाले, सगले. पयल्या बोटीची नावं वाचत हुती तवा कोन यादीकडं बगत नवतं. माज्याकडं बगत हुते. फुल टेन्शन. शेवटपरेंत माजं नाव नाय आलं. तशी मानसं खाली बसली. शांत. लाईनीत. माजं नाव आलं असतं ना काका, तर बोटीवर चढाया मारामारी झाली असती. मी सोता केली असती." मी म्हटलं, हे आईला सांग. तो म्हणाला, "सांगितलं. ती म्हनते, तुला कान येकच हाय, तुला काय कलतंय."

मग तुझा आजार. फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. आधी चढावर दम लागायचा, मग जिन्यावर, मग बोलताना. बोलण्यावर जिचं पोट होतं तिला एका श्वासात चारच शब्द बसवावे लागले. तू त्यातही नेटकी झालीस. 'पडदा सरकवा.' 'भात नको.' 'म्हैस व्याली का?' महेशनं ऑक्सिजनच्या सिलिंडरला चाकांचा गाडा करून दिला म्हणून तुला अंगणात येता यायचं. तासन् तास बसायचीस, समोरच्या डोंगराकडे बघत. काय विचार करतेस विचारलं तर बोट हलवून 'काही नाही' म्हणायचीस.

गणपतीनंतर एका सकाळी दारात जीप थांबली आणि वहिनी उतरली. पिशवीत नाचणीचं पीठ, केळीच्या पानात बांधलेलं लोणी आणि दोन लुगडी. म्हणजे राहायला आली होती. अकरा वर्षांत ती आपल्या घराची पायरी चढली नव्हती. तुझ्या खोलीत गेली, कॉटजवळ उभी राहिली, तुला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

तू म्हणालीस, "वहिनी... महेशचा कान... मी..."

"गप ऱ्हा. धाप लागतीय तुला."

"नाही... ऐका..."

"ऐकलंय सगलं. आनि माफ-बिफ कायी नाय केलेलं हां मी. मी थोरली जाव हाय तुजी. किती वरसं रागवायचं ते मी ठरवनार." मग माझ्याकडे वळून, "भावजी, चूल कुटं हाय? का गॅसवरच करता सगलं?"

तू हसलीस. आवाज आला नाही, पण खांदे हलले. मी पाहिलं.

सव्वा महिना ती राहिली. तुझे केस विंचरायची, पाय चेपायची, नाचणीची पेज चमच्यानं भरवायची, आणि त्यातच तुला बोलायची. "येवडं जग फिरलीस, आनि अंगावर मास नाय." दुपारी तुम्ही दोघी आत असलात की मला बाहेर काढायची. महाडला जाऊन अमकी गोळी आणा, तमकं मलम आणा. मला वाटायचं, बायकांचं काही असेल. गेलीस त्या सकाळी तुझा हात तिच्या हातात होता. मी तेव्हा अंगणात महेशशी बोलत उभा होतो. तिनं हाक मारली, "भावजी, या." नुसतं तेवढंच. आवाजावरून कळलं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते.

चार दिवसांपूर्वी दिल्लीहून तुझ्या साहेबांचा फोन आला. तेच, जे लढाईच्या वेळी परराष्ट्र मंत्रालयात तुझे वरिष्ठ होते आणि आपल्याकडे एकदा जेवून भाकरी बांधून घेऊन गेले होते. तब्येत बरी नाही म्हणून येता आलं नाही म्हणाले. बोलून झालं तरी मला फोन ठेवता येईना. शेवटी विचारलं. "साहेब, त्या वेळी मी तुम्हाला फोन केला होता. पुतण्यासाठी. तुम्ही ते शालिनीला सांगितलं होतं का?"

ते म्हणाले, "हो डॉक्टरसाहेब. लगेच. मी तिला म्हटलं, मी सांगितलं म्हणून त्याचं नाव घाल, तुझ्यावर येणार नाही. ती म्हणाली, नाव हलणार नाही. आणि डॉक्टरांनी फोन केल्याचं मला माहीत नाही असंच राहू द्या. ते मला स्वतः सांगतील." ते हिंदीत बोलत होते, पण तुझं शेवटचं वाक्य मला तुझ्या आवाजात, मराठीतच ऐकू आलं.

मी खुर्चीत बसून राहिलो. आधी राग आला, शालिनी. तुझाच. अकरा वर्षं तुला माहीत होतं. सवला पाय शेकत तू खऱ्याखोट्याचा विषय काढायचीस तेव्हा माहीत होतं. एकदा तर तिथेच माझ्याकडे बघून म्हणाली होतीस, "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय का?" आणि मी म्हटलं होतं, हो, भूक लागली आहे. तू उठून डबा उघडलास. तुला एका वाक्यात मला मोकळं करता आलं असतं. का केलं नाहीस? दुसऱ्या दिवशी राग उतरला, तेव्हा मागे नुसती लाज उरली. तू मला पकडायला थांबली नव्हतीस. तुला वाटत होतं, हा येईल आणि सांगेल. आज नाही तर उद्या. मी तुझ्यामागे तुझ्या वरिष्ठांना फोन केला, तुझ्या कामात हात घातला, आणि तरी माझ्यावरचा भरवसा तू सोडला नाहीस. तो फुकट गेला.

काल सगळे गेल्यावर वहिनी मागच्या पडवीत भांडी पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. की त्या दिवशी ती दवाखान्यातून गेल्यावर मी दिल्लीला फोन लावला होता. महेशसाठी. कोणाला न सांगता.

वहिनीनं हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. "मला ठावं हाय," म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तिनंच. तुमाला महाडला धाडलवतं ना गोल्या आनाया, तवा. थांबत थांबत सांगितलंन, धा येला दम घेऊन. म्हनली, वहिनी, माज्यावर राग ठेवा, पन डॉक्टरांवर नको. तुमच्या पोरासाटी त्यांनी जे करायचं ते केलं. माज्या मागं केलं, पन केलं."

 म्हणजे शेवटच्या दिवसांत, चार शब्दांच्या श्वासात, तू हे बोलण्यासाठी श्वास खर्च केलास. माझ्या घरच्या माणसांत माझी मान वर राहावी म्हणून.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "तुमी तिला सांगितलं नाय व्हय कदी?"

"नाही."

"अकरा वरसांत?"

"नाही."

तिनं दुसरं पातेलं घेतलं. "मंग आता सांगा," म्हणाली, जणू तू आतल्या खोलीतच आहेस.

म्हणून हे लिहायला बसलो. शालिनी, त्या दुपारी तुझ्याशी बोलून झाल्यावर मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि तुझ्या साहेबांना फोन केला. तुला विचारलं नाही, नंतर सांगितलं नाही. वहिनीला नाही म्हणायची मला भीती वाटली म्हणून केला. आणि मग तुझी भीती वाटली.